दश्शीचा उतार

लॅपटॉप घ्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी रंग बघतं, मग उचलून वजन बघतं, असा तेजस्विनी इंगळेचा अनुभव होता. प्रल्हादराव गावंड्यांनी मात्र तिच्या जठारपेठेतल्या दुकानात बसल्या बसल्या समोरचा लॅपटॉप उलटा केला आणि त्याच्या पोटाकडच्या जाळीवरून बोट फिरवायला सुरुवात केली.

“सर, म्हैस घेताय का? दात पण बघून घ्या.”

“म्हैस परवडली, तेजू. उन्हाळ्यात ती आपली आपण डबक्यात जाऊन बसते. अकोल्याच्या मे महिन्यात याला कोण बसवणार?”

शेजारच्या स्टुलावर पदरानं वारा घेत बसलेल्या शकुंतलाबाई हसल्या. “बसवतील हो, तेही बसवतील. घरातल्या कुलरसमोर माझी जागा होती, ती आता याची.”

प्रल्हादराव गणित-विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. तेजस्विनी त्यांची विद्यार्थिनी, आणि आता त्यांची कर्णधार. पैसे लावून ऑनलाइन पत्ते खेळण्याचे दिवस केव्हाच सरले होते. पैसा गेला, खेळ उरला. बुद्धिबळासारखी पोकरचीही जिल्ह्याजिल्ह्यांची संघस्पर्धा सुरू झाली होती, बक्षीस म्हणजे एक ढाल. यंदा अकोल्याचा संघ पहिल्यांदाच राज्याच्या अंतिम फेरीत पोचला होता, आणि त्या फेरीत प्रत्येकाला एकाच वेळी चार टेबलांवर खेळायचं होतं. सरांचा जुना लॅपटॉप दोन टेबलांवरच धापा टाकायचा.

“हा चंदेरी बघा,” तेजस्विनीनं मुद्दाम पातळ, देखणा लॅपटॉप पुढे सरकवला. “ग्राफिक्स कार्ड एक नंबर.”

“पत्ते काय उड्या मारतात? सिनेमे बनवणाऱ्याला दे तो. शिवाय पातळ अंगाचा. उष्णता बाहेर जायला वाट नाही. तापला की स्वतःला वाचवायला स्वतःच मंद होणार, आणि मी ऐन डावात आकड्यांची वाट बघत बसणार.” त्यांनी जाडजूड काळा लॅपटॉप जवळ ओढला. “याला पंखे दोन. रॅम किती?”

“पाहिजे तेवढी. पण आधी सांगा, रॅम कशाला आणि एसएसडी कशाला?”

आपला प्रश्न आपल्याकडेच आलेला पाहून मास्तर खूश झाले. “एसएसडी म्हणजे पेपरांचे गठ्ठे ठेवायचं कपाट. रॅम म्हणजे तपासायला बसायचं टेबल. प्रोसेसर म्हणजे तपासणारा मास्तर. कपाट केवढंही असू दे, टेबल पाटाएवढं असलं तर साऱ्या शाळेचे पेपर एकदम मांडता येत नाहीत. माझ्या जुन्या लॅपटॉपचं तेच झालं. कपाटात बारा वर्षांचे डाव, पण टेबलावर मावतात जेमतेम सहा महिन्यांचे.”

“पैकीच्या पैकी,” तेजस्विनी म्हणाली आणि काळा लॅपटॉप खोक्यात भरू लागली.

निघताना प्रल्हादरावांनी सवयीनं खिसा चाचपला. स्कूटरची किल्ली नव्हती. मग आठवलं, आपण रिक्षानं आलोय. सीट फार तापते म्हणून शकूनंच स्कूटर नको म्हटलं होतं.

पोकरमध्ये प्रत्येकाला दोन पानं मिळतात. ती फक्त त्यालाच दिसतात. टेबलावर पाच पानं सगळ्यांसाठी एकेक करून उघडत जातात. दर पानागणिक खेळाडू गुण लावतात, वाढवतात. शेवटी ज्याचा मेळ चांगला, त्याचा डाव. ऐकायला सोपं आहे, पण या खेळातलं निम्मं शहाणपण हातातली पानं वेळेवर टाकून देण्यात असतं. त्याला ‘पॅक’ म्हणायचं. कच्चा खेळाडू पॅक करायला लाजतो.

समोरचा पक्का की कच्चा, हे सांगायला ‘मागोवा’ होता. हा प्रोग्रॅम खेळलेला प्रत्येक डाव लिहून ठेवी आणि त्यातून हिशेब काढी: हा गडी किती वेळा पॅक करतो, किती वेळा डाव वाढवतो, कुणी दटावलं तर किती वेळा मागे सरतो. हे आकडे खेळताना प्रत्येकाच्या नावाशी तरंगत असत. नियम एकच होता. हिशेब ज्याचा त्यानं आपल्याच यंत्रावर करायचा, बाहेरच्या कुठल्या मोठ्या यंत्राची मदत घ्यायची नाही. म्हणून तर लॅपटॉप एवढा निवडून घ्यायचा.

गेल्या दोन-तीन वर्षांत लॅपटॉपांत शिकणारी चिप आली आणि मागोव्याला नवीनच विद्या आली. जिन्यावर पाऊल वाजलं की घरात कोण आलं ते आपल्याला न बघता कळतं. पावलाचा वेग, मधला थांबा, चपलेचं घासणं, असल्या शंभर बारीक गोष्टी आपला मेंदू नकळत जुळवतो. मागोवाही तसंच करू लागला. कोण कुठे थबकतो, कुठली पानं जपतो, हरल्यावर कसा चवताळतो, यावरून तो खेळणाऱ्याचा ठसा काढी. लोक त्याला चालछाप म्हणत. नाव बदला, खातं बदला, चालछाप बदलत नाही. त्यामुळे एकाच्या खात्यावर दुसऱ्यानंच बसून खेळायचं, ही लबाडी बंद झाली. अंतिम फेरीआधी प्रत्येकानं आपल्या चालछापेचा निकाल पोकर महासंघाला पाठवायचा, असा दंडक पडला.

प्रल्हादरावांनी बारा वर्षांचे सगळे डाव नव्या लॅपटॉपवर घातले. कुलरचं ओलसर वारं थेट यंत्रावर येऊ नये म्हणून तो आडवा वळवला आणि मागोवा चालू करून ते जेवायला बसले. हात धुऊन येतात तो पडद्यावर लाल चौकट.

‘खातं: प्र. गावंडे. सध्याचा खेळाडू: वेगळी व्यक्ती. खात्री: दाट.’

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

“शकू, इकडे ये. हा म्हणतो, मी मी नाही.”

शकुंतलाबाईंनी वाचलं. नेहमीसारखा टोमणा आला नाही. “उद्या तेजूला दाखवा,” एवढंच म्हणून त्या भांडी आवरायला गेल्या.

“तुझं टेबल अजून लहान पडलं,” दुसऱ्या दिवशी प्रल्हादरावांनी तक्रार मांडली. “घाईघाईत गठ्ठे चाळले की असंच होतं. रॅम दुप्पट कर.”

तेजस्विनीनं केली. निकाल तोच आला.

“मग जुन्या लॅपटॉपमधून फाइली आणतानाच गडबड झाली. एसएसडी बदल, पुन्हा कॉपी कर.”

तिनं नवी एसएसडी बसवली, फाइली पुन्हा आणल्या, एकेक ताडून पाहिली. निकाल तोच, फक्त ‘दाट’च्या जागी ‘अतिदाट’.

“सर, चिडू नका, पण सातवीत तुम्हीच आम्हाला सांगायचे...”

“ठाऊक आहे काय सांगायचो. मोजपट्टी बदलून उंची वाढत नाही. पण मोजपट्टी उन्हात ठेवली तर पट्टीच वाढते, हेही मीच शिकवलंय. चिप तापून चुकत नसेल कशावरून? थंड जागेत चालवून बघू.”

तापलेली चिप मंद होते, चुकत नाही, हे तेजस्विनीला ठाऊक होतं आणि सरांनाही ठाऊक होतं. पण दुकानातला एसी त्याच आठवड्यात बंद पडलेला, आणि सर हट्टाला पेटलेले. त्यांच्या एका विद्यार्थ्याचं एमआयडीसीत संत्र्यांचं शीतगृह होतं. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालेलं असताना ही तिघं स्वेटर घालून संत्र्यांच्या पेट्यांमध्ये जाऊन बसली. शकुंतलाबाईंनी कानाला मफलर बांधला होता आणि थर्मासमधून चहा आणला होता.

“बाप्पा! लग्नानंतर महाबळेश्वरले नेतो म्हणाले होते,” त्या तेजस्विनीला म्हणाल्या. “आता नेलं.”

“बाहेर पडताना लॅपटॉप आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालायचा,” तेजस्विनी म्हणाली. “गार वस्तूवर बाहेरच्या हवेतलं पाणी धरतं.”

“सातवी, धडा चौथा,” प्रल्हादराव पुटपुटले. पण त्यांचं लक्ष पडद्यावर होतं.

लाल चौकट आली.

भिंतीतलं यंत्र घरघरत होतं. शेवटी तेजस्विनीनं विचारलं, “सर, हा फरक नेमका कुठे बघतो, ते उघडू?”

“उघड.”

तिनं सगळा ताळा उलगडला. शंभर गोष्टींपैकी बहुतेक जागच्या जागी होत्या. डाव वाढवायची पद्धत तीच, थापा मारायची पद्धत तीच. थबकण्याचा वेळ थोडा वाढला होता. एक रेघ मात्र सगळ्यांच्या वर उठून दिसत होती. तेजस्विनीनं कपाळाला आठी घातली.

“गंमतच आहे. हातात दहा नंबरचं पान आलं की तुम्ही पॅकच करत नाही. दश्शी आणि तिर्री, दश्शी आणि दुर्री, असला कचरासुद्धा धरून बसता. आधी असं नव्हतं. एक्का नाही, राजा नाही, दश्शीच का?”

तेजस्विनी पत्ते शिकली ती थेट लॅपटॉपवर. तिला उत्तर माहीत असायचं कारण नव्हतं. प्रल्हादरावांनाही सुचेना. उत्तर मफलरमधून आलं.

“मेंढी आहे ती,” शकुंतलाबाई म्हणाल्या.

मेंढीकोट! चार जण, दोन जोड्या, समोरासमोर बसलेले भिडू. त्या खेळात राजाराणीला कोण विचारतो? चार दश्श्या म्हणजे चार मेंढ्या. ज्या जोडीनं जास्त मेंढ्या ओढल्या ती जिंकली, आणि चारही ओढल्या तर समोरच्यांवर कोट. लहानपणी सुट्टीच्या दुपारी प्रल्हादराव हेच खेळले होते, लग्नानंतर शकूला भिडू घेऊन गल्लीतल्या कित्येक जोड्यांवर त्यांनी कोट चढवले होते. मेंढी हातात आली की प्राण गेला तरी सोडायची नाही. पोकर शिकताना ती सवय मोडायला त्यांना पहिलं वर्षभर लागलं होतं.

“मोडलेली सवय परत आली,” ते हळूच म्हणाले.

“नवीन शिकलेलं आधी जातं हो. जुनं राहतं.” शकुंतलाबाई कपातल्या चहाकडे बघत होत्या. “शेजारच्या सुधीरले तुम्ही मधुकर म्हणता. मधुकर तुमचा भाऊ. तो जाऊन किती वर्षं झाली.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“काय बोलू? परीक्षेआधी पोराला नापास म्हणू नये, हे तुमचंच.”

आणि मग प्रल्हादरावांना एक गोष्ट लख्ख दिसली. गेल्या दिवाळीपासून ही बाई त्यांच्याबरोबर सगळीकडे येत होती. बँकेत, दवाखान्यात, लॅपटॉपच्या दुकानात. निवृत्तीनंतर हिला हिंडायची हौस आलीय असं ते लोकांना सांगत. स्कूटरची सीट तापते म्हणे! हिवाळ्यातसुद्धा तापत होती ती सीट.

“चल,” ते उठले. “पिशवी दे, तेजू. लॅपटॉप गुंडाळ.”

नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि आजाराचं नाव सांगितलं. विस्मरणाचा आजार होता, अगदी सुरुवातीचा. तुम्ही फार लवकर आलात, ते म्हणाले, माणसं सहसा दोन-तीन वर्षांनी येतात, तुम्हाला कसं कळलं? प्रल्हादराव म्हणाले, “पत्त्यांनी सांगितलं,” आणि डॉक्टरांनी तेही कागदावर लक्षण म्हणून टिपून घेतलं की काय, अशी शंका शकुंतलाबाईंना आली.

दोघं नागपूरहून परतल्यावर तेजस्विनी घरी आली. पाण्याचा तांब्या खाली ठेवून ती खाली मान घालून बोलली.

“सर, निकाल पाठवायची मुदत परवा संपते. लाल चौकट महासंघाकडे गेली तर तुमच्या खात्यावर भलताच माणूस खेळतोय असं धरतील. तुम्ही बाद, आणि आपला संघही बाद.” ती थांबली. “नियमात लिहिलंय, निदान सहा महिन्यांचे डाव हवेत. जास्त हवेत असं नाही. तुमच्या जुन्या लॅपटॉपवर सहा महिनेच मावतात. आताचे तुम्ही आणि सहा महिन्यांपूर्वीचे तुम्ही, यात फरकच दिसणार नाही. हिरवी चौकट येईल. यात खोटं काहीच नाही.”

प्रल्हादरावांनी जुन्या लॅपटॉपकडे पाहिलं. कोपऱ्यात पडलेला, झाकणाची एक बिजागरी तुटलेली. खोटं काही नव्हतं. फक्त टेबल लहान घ्यायचं होतं.

“तेजू, कर्णधार म्हणून विचारतेस की विद्यार्थिनी म्हणून?”

“कर्णधार म्हणून.”

“विद्यार्थिनी म्हणून उत्तर देतो. उजळणीपुरता धडा दाखवून पास होणारी पोरं मी कधी पास केली नाहीत. सगळे गठ्ठे पाठव, बाराच्या बारा वर्षांचे. आणि त्या लोकांना सांग, मला बोलायचंय.”

महासंघाच्या पडताळणी अधिकारी बाई पडद्यावर आल्या. केस घट्ट बांधलेले, आवाज कोरडा. “गावंडे, निकाल स्पष्ट आहे. खेळाडू वेगळा आहे.”

“वेगळा झालाय, हे मान्य. कुणी वेगळा येऊन बसलाय का, एवढंच बघायचं. मॅडम, तो दश्शीचा आलेख समोर घ्या. वर्षं आडवी आणि पॅक न केलेल्या दश्श्या उभ्या.”

“घेतला.”

“आता सांगा, एका खुर्चीवरून एक माणूस उठला आणि दुसरा बसला, तर आलेखात काय दिसेल?”

त्यांनी वर्गात द्यायचे तसा थोडा वेळ दिला.

“पायरी दिसेल,” अखेर बाई म्हणाल्या. “आज एक आकडा, उद्या एकदम दुसरा.”

“शाबास. आणि इथं?”

बाईंनी आलेख मोठा करून पाहिला. दीड वर्षापूर्वीपासून रेघ हळूहळू, महिन्यामहिन्यानं वर सरकत होती. कुठेही तुटलेली नव्हती.

“इथं चढ आहे.”

“तुम्ही चढ म्हणा, मी उतार म्हणतो. रस्ता तोच. माणसं बदलली की पायरी पडते, एकच माणूस खाली चालला की उतार. डॉक्टरांचा कागद जोडलाय. उतारावरच्या प्रत्येक ठिकाणी मीच उभा आहे.”

बाई बराच वेळ कागद वाचत होत्या. “तुम्ही सहा महिन्यांचीच फाइल दिली असती तर मला काहीच विचारता आलं नसतं.”

“आणि मला काहीच सिद्ध करता आलं नसतं. उतार दिसायला लांबून बघावं लागतं. त्यासाठीच तर एवढा जाडा लॅपटॉप घेतला.”

परवानगी दोन दिवसांनी आली. तोवर प्रल्हादराव स्वस्थ बसले नव्हते. आलेखावर त्यांनी स्वतः एक आडवी रेघ मारली आणि तेजस्विनीला दाखवली. “माझी रेघ हिला टेकली की माझी खुर्ची दुसऱ्याला द्यायची. मी तेव्हा कबूल करणार नाही, भांडेन. म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. तेव्हाच्या म्हाताऱ्याचं ऐकू नकोस, आजच्याचं ऐक.”

तेजस्विनीनं मान हलवली.

“आणखी एक काम. मागोव्याचे आकडे सगळ्यांच्या नावाशी तरंगतात. दश्शी आली की माझ्याही नावाशी काहीतरी तरंगू दे.”

“स्वतःवरच पाळत ठेवणार?”

“प्रतिपक्ष कुठे बसलाय ते कळलं की आकडे त्याच्याच डोक्यावर लावायचे. नियमात बसतं?”

तिनं नियम पाहिले. आपल्याच यंत्रावर, आपल्याच डावांवरून, बाहेरची मदत नाही. बसत होतं. आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, एवढंच.

अंतिम फेरीच्या दिवशी सकाळीच कुलरमध्ये नवा वाळा घातला. काळा लॅपटॉप चार टेबलं लीलया पेलत होता, दोन्ही पंखे एका सुरात चाललेले. शकुंतलाबाईंनी त्यांच्या समोर पाट मांडला आणि भुईमुगाच्या शेंगा सोलायला घेतल्या. तिथून त्यांना लॅपटॉपची पाठच दिसत होती, आणि वरून प्रल्हादरावांचा चेहरा.

पहिल्याच तासात बदामाची दश्शी आली, सोबत चौकटची तिर्री. नावाशी पिवळा ठिपका लागला. बोट ‘खेळतो’वर गेलेलं होतं. आत कुठेतरी एक मुलगा ओरडत होता, मेंढी आहे, सोडू नको! प्रल्हादरावांनी बोट उचललं आणि पॅक केलं. असं तीनदा, चारदा झालं. दर वेळी तो मुलगा हिरमुसला होत होता. त्याची थोडी दया येत होती.

मग दुपारी, शेवटच्या टप्प्यात, दोन दश्श्या आल्या. इस्पिकची आणि किलवरची, जोडीनं.

पिवळा ठिपका लागला. समोरून रत्नागिरीच्या खेळाडूनं डाव जोरात वाढवला. घड्याळ धावू लागलं. ठिपका एवढंच सांगत होता, की दश्शी आहे. धर की सोड, ते सांगत नव्हता. मुलगा आतून ओरडतच होता, पण तो कायमच ओरडतो, त्याच्यावरून काही ठरत नाही.

प्रल्हादरावांनी डोळे मिटले आणि ते मनातल्या मनात फळ्यासमोर उभे राहिले. पहिली गोष्ट, दहाची जोडी म्हणजे नुसती दश्शी नव्हे. जोडी आहे, आणि वरच्या जोड्या चारच: गुलाम, राणी, राजा, एक्का. दुसरी गोष्ट, रत्नागिरीकर. त्याच्या नावाशी काय आहे? बहुतेक डाव वाढवूनच खेळतो. म्हणजे त्याच्या जोरात दम कमी. तिसरी... तिसरी गोष्ट निसटली. ते घाबरले नाहीत. वर्गातही निसटायची, तेव्हा ते पहिल्यापासून सुरू करत. जोडी. वरच्या चार. रत्नागिरीकर. आणि हो, तिसरी: वाढवल्यावर कुणी अडवलं की तो बहुतेकदा ढिला पडतो.

त्यांनी डोळे उघडले. समोर शकुंतलाबाईंचे हात शेंगेवर थांबले होते.

प्रल्हादरावांनी होते नव्हते ते सगळे गुण पुढे सरकवले.

रत्नागिरीकर थबकला, पण मागे सरला नाही. त्याची पानं उघडली, राजा आणि गुलाम. टेबलावर सत्ती, दुर्री, नव्वी पडली. मग छक्की. शेवटचं पान उलटायला यंत्रानं घेतला तेवढा वेळ कुलरसुद्धा थांबल्यासारखा वाटला. पंजी. ना राजा, ना गुलाम.

अकोल्याच्या नावापुढचे गुण एकदम वर चढले. फोनवर तेजस्विनी काहीतरी किंचाळत होती, त्यातला ‘सर’ एवढाच शब्द कळत होता.

“मेंढी आली होती ना?” शकुंतलाबाईंनी विचारलं. “तोंडावरून कळलं मला.”

“दोन आल्या होत्या.”

“धरल्या?”

“धरल्या. पण विचारून धरल्या.”

“कोणाले विचारून?”

प्रल्हादरावांनी पडद्यावरच्या आपल्या नावाकडे पाहिलं, आणि नावाशी अजून जळणाऱ्या पिवळ्या ठिपक्याकडे. “गावंडे मास्तर अजून घरी आहे, तोवर त्यालाच विचारून घेतलं,” ते म्हणाले. “दे त्या शेंगा इकडे. पुढचा डाव यायला वेळ आहे.”